टॉर्चच्या उजेडातली धूळ: घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांसाठी

चतुर्थीला सहा दिवस राहिले होते. मखराची पाठ एमडीएफची (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीची), चौरंग सागवानाचा, शिवाय माटोळीची, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती, चौकट नवी करायला घेतलेली. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून पडवीची दारं लावून, खिडक्यांना ताडपत्री बांधून मी आत सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं यंत्र) फिरवत होतो. साडेसातला थांबलो, केर काढला, हातपाय धुतले, चहा घेतला. साडेआठला लाईट गेली. स्क्रूची डबी आणायला मुलगी टॉर्च घेऊन पडवीत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, हा धूर कसला?"

धूर नव्हता. टॉर्चच्या झोतात बारीक पांढरे कण तरंगत होते. तिने हात फिरवला की ते वळसा घेऊन पुन्हा झोतात यायचे, खाली मात्र बसायचे नाहीत. सँडर बंद करून तास उलटला होता. याच हवेत मी मास्क काढून केरसुणी मारली होती. त्या रात्री खोकल्याने दोनदा उठलो, आणि आठवलं की मागच्या चतुर्थीतही असंच झालं होतं. तेव्हा पावसाळी हवा म्हणून सोडून दिलं होतं.

रविवारी पडवीत, गॅरेजमध्ये किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत लाकूडकाम करणारे आपण यंत्राच्या पात्याला जपतो, बोटं सांभाळतो. धुळीचं मात्र मनावर घेत नाही, कारण तिची जखम दिसत नाही. त्या रात्रीनंतर मी जे शिकलो आणि पडवीत जे बदललं, ते इथे क्रमाने सांगतो.

दिसते ती धूळ आणि न दिसणारी

करवतीखाली ढीग होतो तो भुसा. तो जड असतो, खाली पडतो, झाडून टाकता येतो. त्रास देते ती त्याच्याबरोबर उडणारी बारीक धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनळ्यांत उतरतात, आणि ४-५ मायक्रॉनच्या खालचे थेट फुफ्फुसाच्या टोकाशी, हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. साध्या उजेडात हे कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

ते खाली बसायला किती वेळ लागतो, हा हिशेब पाहिल्यावर मी केर काढायची वेळ बदलली. वारा अजिबात नसलेल्या खोलीत, नाकाच्या उंचीवरून म्हणजे दीड मीटरवरून, १० मायक्रॉनचा कण आठ-नऊ मिनिटांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास लागतो. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. आणि खोलीत माणूस नुसता चालला तरी खाली बसलेलं पुन्हा वर उठतं.

शरीरावर याचे परिणाम तीन तऱ्हेचे. पहिला जळजळीचा: नाक चोंदणं, शिंका, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं. दुसरा ॲलर्जीचा, आणि हौशी माणसाला यालाच जास्त भ्यावं लागतं. "दहा वर्षं हेच लाकूड कापतोय, मला काही होत नाही" हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. शरीर हळूहळू त्या लाकडाला ओळखायला शिकतं, आणि एकदा शिकलं की अगदी थोड्या धुळीनेही दमा किंवा त्वचेचा त्रास उसळतो. तिसरा परिणाम कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. हा कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि तिच्या भोवतीच्या सायनसचा. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये तो पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला.

इथे घाबरवायचं नाही. तो आजार दुर्मिळ आहे, आणि ते कामगार वर्षानुवर्षं दिवसभर ओक आणि बीचसारख्या कठीण लाकडाच्या धुळीत उभे असायचे. आपण आठवड्याला चार तास काम करतो. पण बऱ्या कारखान्यात धूळ ओढणारी यंत्रणा असते, आपल्या पडवीत नसते. त्या चार तासांत आपल्या नाकासमोरची हवा त्यांच्यापेक्षा वाईट असू शकते. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे एक घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही.

आधी टॉर्च लावून बघा

काहीही विकत घेण्याआधी हे करा. रात्री नेहमीसारखं अर्धा तास काम करा, सगळे दिवे बंद करा आणि अंधारात एक चांगला टॉर्च आडवा धरा. तुम्ही बाजूला उभे राहा, झोताकडे तिरकं बघा. सँडरच्या कडेने, करवतीच्या मागून, व्हॅक्यूमच्या तोंडातून नेमकी कुठून धूळ निसटते ते दिसतं. मग पंधरा मिनिटांनी बघा, तासाने बघा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा बघा. महागडं मोजयंत्र नसलं तरी चालेल, पण ही चाचणी चुकवू नका. मला याच चाचणीत कळलं की माझ्या जुन्या व्हॅक्यूमच्या मागच्या जाळीतून पांढरा फवारा बाहेर येत होता. पुढून ओढलेल्या धुळीतली सगळ्यात बारीक धूळ तो मागून खोलीत सोडत होता.

हातातलं लाकूड कोणतं, ते विचारा

सगळ्या लाकडांची धूळ वाईटच, पण काहींशी जास्त जपून वागावं लागतं. सागवान आपल्या घराघरांत आहे, आणि त्यातली नैसर्गिक द्रव्यं काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतात. शिसव त्याहून तिखट: मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत, पापण्यांवर खाज सुटते, कारण घामात धूळ तिथेच चिकटून बसते. गोव्याच्या दमट हवेत घाम हा कायमचाच. आंबा आणि काजू एकाच कुळातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या बियांच्या टरफलातल्या तेलाने अंगावर उठतं, त्यांनी ती लाकडं घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. माट्टी, किंदळ, जांभा ही कठीण लाकडं. ती कापताना पिठासारखी बारीक धूळ होते. बाहेरून येणारं तांबडं सीडर स्वस्त मिळालं म्हणून घेणार असाल, तर त्यातलं प्लिकॅटिक ॲसिड दमा निर्माण करतं हे पक्कं माहीत असलेलं आहे.

एमडीएफ आणि प्लाय यांत लाकूड आहेच, वर त्यांना बांधणारा, बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा, चीकही आहे. फॉर्मल्डिहाइडही त्याच पहिल्या गटात आहे. एमडीएफ मुळात दळलेल्या तंतूंचं बनलेलं, म्हणून त्याची धूळ मैद्यासारखी. माझ्या अनुभवात टॉर्चच्या झोतात सगळ्यात जास्त वेळ तरंगते ती हीच.

जुन्या लाकडाचा विषय वेगळा. गोव्यात पडक्या घरांची दारं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बाल्कांवाचे (घरासमोरच्या बसायच्या ओट्याचे) कठडे उतरवून नवं फर्निचर करायची हौस पुष्कळांना आहे, मलाही आहे. पण त्यावर रंगाचे पाच-सहा थर असतात. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग ही कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या कुठल्याही रंगात शिसं असू शकतं असं धरून चाला. असा रंग कोरडा घासायचा नाही, त्यावर ग्राइंडर तर लावायचाच नाही. पाणी शिंपडून खरवडा, खाली प्लास्टिक पसरा, खरवड ओली असतानाच गोळा करून पिशवीत बांधा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर हे काम घरापासून लांब. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि ते घरात येतं आपल्या कपड्यांवरून. जुन्या होडीच्या फळ्यांना हाच नियम. त्यांच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग दिलेला असतो. औद्योगिक वसाहतीतल्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का बघा. इंग्रजी एच-टी म्हणजे उष्णता देऊन जंतुमुक्त केलेलं, एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने. एम-बी असेल तर ते घरी आणूच नका. तेल सांडलेलं किंवा वास येणारं पॅलेटही तिथेच सोडा.

धूळ कमी करणारी पद्धत निवडा

आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. आयुष्य रंधा-पटाशीवर काढलं. माझा सँडर बघून ते एवढंच म्हणाले, "आदीं पिठो जमनीर पडटालो, आतां वाऱ्यार वता." (आधी पीठ जमिनीवर पडायचं, आता वाऱ्यावर जातं.) त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. रंध्याने निघतात त्या ढलप्या, त्या पायाशी पडतात. सँडर त्याच लाकडाचं पीठ करून हवेत उडवतो.

म्हणून जिथे जमेल तिथे रंधा मारा. सागवानाचा चौरंग मी आता रंध्याने आणि पोलादी स्क्रेपरच्या पट्टीने साफ करतो, पॉलिश पेपर शेवटी आणि तोही हाताने. फळी मापाने कापून देणारा वखारवाला असेल तर मोठे काप तिथेच करून घ्या. एमडीएफचं तर सगळं कापकाम दुकानातच करवून घेतो. सगळ्यात जास्त धूळ करणारी दोन यंत्रं म्हणजे राउटर (लाकडात खाचा आणि नक्षी कोरायचं यंत्र) आणि सँडिंग डिस्क लावलेला अँगल ग्राइंडर. ग्राइंडरला धूळ पकडायची सोय सहसा नसते. आत, बंद जागेत तो वापरूच नका.

जिथे उडते तिथेच पकडा

बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा. एकदा हवेत पसरलेली धूळ परत गोळा करणं जवळजवळ अशक्य असतं, पण यंत्राच्या तोंडाशी ती मुठीत सापडते.

सँडरबरोबर येणारी कापडी पिशवी जाडसर भुसा ठेवते, बारीक धूळ विणीतून बाहेर सोडते. तिच्या जागी व्हॅक्यूमची नळी लावा. सँडरच्या तळव्याला भोकं असतात, १२५ मिलिमीटरच्या चकतीला बहुधा आठ. पेपर लावताना पेपरची भोकं तळव्याच्या भोकांवर बरोबर बसवा. मी कित्येक महिने पेपर कसाही चिकटवत होतो आणि व्हॅक्यूम ओढत नाही म्हणून वैतागत होतो. भोकं जुळवल्यावर लाकडावर धूळच राहीना. नळीचं तोंड सँडरला बसत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट चढवा, छान बसतो.

व्हॅक्यूम घेताना हेपा फिल्टरचा घ्या, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. फिल्टर लवकर तुंबू नये म्हणून मधे सायक्लोन लावा: प्लास्टिकचा शंकू बाजारात मिळतो, तो २० लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवायचा. हवा आत गरगर फिरते, जड भुसा बादलीत पडतो, थोडी बारीक धूळच फिल्टरपर्यंत जाते. झाकणाच्या कडेने हवा शिरत असेल तर सगळं वाया, तिथे रबर किंवा सिलिकॉन लावा. टेबल सॉ (मेजात बसवलेली करवत) किंवा रंधा मशीनला व्हॅक्यूम पुरत नाही. त्यांना १०० मिलिमीटरची नळी आणि भरपूर हवा ओढणारा डस्ट कलेक्टर लागतो. त्याची पिशवी किती मायक्रॉनची ते विचारा. ३० मायक्रॉनची असेल तर ती फक्त जमीन स्वच्छ ठेवेल, फुफ्फुसं नाही. तसा कलेक्टर असेल तर तो खोलीबाहेर, वळचणीखाली ठेवा.

यंत्र थांबल्यावर व्हॅक्यूम अर्धा मिनिट चालू राहू द्या.

हवा जाऊ द्या, पावसातही

कोरड्या दिवसांत अंगणातच काम करा. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो वापरा, पण त्याला पाठ करून उभे राहू नका. पाठीवर वारा घेतला की शरीराच्या पुढे भोवरा होतो आणि धूळ नेमकी तोंडाशी फिरते. वारा बाजूने घ्या.

पावसाळ्याचा प्रश्न कठीण. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणि लाकडाची बहुतेक कामं चतुर्थीच्या आधीच निघतात. दारं उघडली तर लाकूड भिजतं, लावली तर माणूस गुदमरतो. यावर एक्झॉस्ट पंखा हाच उपाय. माझी पडवी ३ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर. ताशी ६०० घनमीटर हवा ओढणारा पंखा बसवला की तासाला १६-१७ वेळा हवा बदलते. कागदावरच्या हिशेबाने १७ मिनिटांत ९९ टक्के धूळ जायला हवी. प्रत्यक्षात कोपऱ्यांत हवा साचते, म्हणून काम थांबल्यावर मी पंखा तासभर चालू ठेवतो. पंखा एका भिंतीत आणि हवा आत यायची फट समोरच्या भिंतीत, वळचणीच्या आडोशाला ठेवा. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करू नका. आणि डोक्यावरचा सिलिंग फॅन बंद. तो काही बाहेर टाकत नाही, बसलेली धूळ उठवतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. भुशाची पिशवी दमट हवेत चार दिवस राहिली की आत बुरशी धरते, आणि नंतर ती झटकताना बुरशीचे बीजाणू श्वासात जातात. पोर्तुगालच्या बूच कारखान्यांतल्या कामगारांना बुरशी धरलेल्या बुचाच्या धुळीने फुफ्फुसाचा आजार व्हायचा, त्याला सुबेरोसिस हे नावच पडलं. आपल्याकडे पिशवी त्याच दिवशी रिकामी करायची. साध्या लाकडाचा भुसा माडाच्या बुंध्याशी चालेल. एमडीएफ, प्लाय आणि रंगवलेल्या लाकडाचा भुसा चुलीतही घालू नका आणि जाळूही नका.

मास्क शेवटी, पण नक्की

रुमाल, कापडी मास्क, हिरवा सर्जिकल मास्क यांनी लाकडाची बारीक धूळ थांबत नाही, ती कडेने आत येते. किमान एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या. आपल्याकडे अशा मास्कवर आयएस ९४७३ हे मानक छापलेलं बघा. कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क घट्ट बसतो: एक पट्टी टाळूवर, दुसरी कानांखालून मानेवर. नाकाची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, चिमटीत धरून टोकदार करू नका. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास घ्या आणि सोडा. घेताना मास्क आत ओढला गेला तर ठीक, सोडताना डोळ्यांकडे वारा लागला तर बसलेला नाही.

दाढी असेल तर हे सगळं व्यर्थ. मास्क त्वचेला चिकटतच नाही. दाढी ठेवायची असेल तर पंखा असलेला पूर्ण चेहऱ्याचा हूड घ्यावा लागतो, तो महाग आहे.

नियमित काम करणाऱ्यांनी रबरी अर्धा मास्क आणि पी-१०० किंवा पी-३ फिल्टर घ्यावा. घामाने ओला होऊन तो आकार सोडत नाही, जे आपल्या हवेत एन-९५ चं हमखास होतं. मास्क पडवीत खिळ्याला टांगू नका, आतून धूळ बसते. झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि लक्षात ठेवा, धुळीचा फिल्टर पॉलिशचा, थिनरचा वास अडवत नाही. त्याला वेगळं कार्बनचं काडतूस लागतं. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून भुशात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

मास्क कधी काढायचा

मी ज्या चुकीने रात्रभर खोकलो ती हीच: काम संपलं, मास्क काढला, केरसुणी घेतली. यंत्र चालू असतानापेक्षा केर काढताना जास्त धूळ उठू शकते. ब्लोअरने किंवा कंप्रेसरने कपडे झटकणंही तसंच. मास्क तोंडावर ठेवूनच व्हॅक्यूमने ओढा, मग ओल्या फडक्याने पुसा. कौलांखालचे वासे आणि भिंतीवरचे कोनाडे महिन्यातून एकदा पुसा. मग मास्क लावूनच बाहेर या, शर्ट बाहेरच काढा, आणि मास्क सगळ्यात शेवटी. अंग धुतल्याशिवाय मुलांना उचलू नका. नाक धुवायची सवय असेल तर पाणी उकळून थंड केलेलंच घ्या, विहिरीचं किंवा नळाचं थेट नको.

शरीर काय सांगतं

कारखान्यातल्या कामगाराला सुट्टीत बरं वाटतं. आपलं उलट असतं: रविवारी काम, रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे खोकला आणि छातीत घरघर, बुधवारपर्यंत सगळं ठीक. म्हणून कोणाला संशयच येत नाही. लाकडाचा दमा पुष्कळदा काम थांबल्यावर काही तासांनी उठतो. एका वहीत लिहा: तारीख, कोणतं लाकूड, किती तास, रात्री काय झालं. महिना-दोन महिन्यांत आकृती दिसते. शक्य असेल तर पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं साधं उपकरण) घेऊन सकाळ-संध्याकाळ आकडा त्याच वहीत टाका.

रात्रीचा खोकला वारंवार येत असेल, धाप लागत असेल, घरघर ऐकू येत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. नाकाची एकच बाजू आठवडेच्या आठवडे चोंदलेली राहिली, एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव आला, किंवा वास येणं कमी झालं, तर सर्दी समजून थांबू नका. कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना दाखवा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. जाताना वही बरोबर न्या, आणि लाकडाचं काम करता हे आपणहून सांगा. तुमची नोकरी बँकेत किंवा शाळेत असेल, तर धुळीबद्दल विचारायचं डॉक्टरांना सुचणार नाही.